शेरा

पालिकेचा फॉर्म नऊ पानांचा.
इमारतीचे नाव : मूकबधिर मुलांची शाळा, बंद.
ठिकाण : उथळसर, ठाणे. जोते : काळा दगड.
छप्पर : मंगलोरी कौले, चाळीसेक फुटलेली.
सध्याचा वापर : मी लिहिलं, काही नाही,
आणि बाकावरचा बोका उठून गेला.

काथोड भोईर आधीच येऊन थांबले होते
कळव्याहून, इस्त्रीच्या शर्टात, खिशाला दोन पेनं.
सातव्या वर्षी इथे आणून सोडलेले.
पुढे तीस वर्षं छापखान्यात खिळे जुळवले,
उलटी अक्षरं अजून सुलट्यांपेक्षा भरभर वाचतात.
सून सोबत होती, प्रणाली.
त्यांच्या हातांचं बोलणं ती माझ्यापुढे ठेवायची
घाईघाईत,
मधूनच एखादं वाक्य स्वतःपाशी राखून.

मी खिडक्या मोजत होते. त्यांनी माझी बाही ओढली.
भिंतीत, माझ्या मांडीच्या उंचीला, चार भोकं :
इथे आरसा होता.
आरशात फिलोमिना टीचर आणि आपण,
एक तळवा त्यांच्या गळ्यावर, दुसरा आपल्या,
दोन्हीकडे सारखंच थरथरेपर्यंत ग, ग, ग.
क ला काहीच थरथरत नाही.
क कुणालाच आवडायचा नाही.
आणि माझं नाव नेमकं क पासून, असं म्हणून
म्हणजे तसं करून
ते पोट धरून हसले.

घंटा नव्हती, तिच्या जागी पिवळा दिवा.
होल्डर अजून लोंबतोय, त्यात कोळ्याचं घर.

मग त्यांनी बोटांची पेरं पुढे केली.
वर्गात हात हलले की पट्टी.
ओठांनी बोला, माणसांसारखं.
हातांनी बोलायचं ते मागे, टाकीआड,
रायवळ आंब्याच्या बुंध्याशी.
तिथे सगळ्यांना नावं मिळाली;
घरी ठेवलेली कधी ऐकूच आली नव्हती.
भुवईवरची खोक म्हणजे दामोदर.
वेणीचं टोक चावणं म्हणजे शबाना.
मासळी सुळकन वळावी तसा पंजा :
चेंदणीचा हरेश, जो पुढे आलाच नाही.
ठाण्याचीही खूण त्यांनीच केली,
तळहाताची वाटी, तीत बुडालेलं एक बोट,
तलाव.
आता नाशकातली पोरंही करतात म्हणे
कुठून आली ते न विचारता.

"पट्टीचंही लिहा," प्रणाली म्हणाली,
जरा थांबली.
"बाबा म्हणतात, नुसतं छान-छान लिहू नका."

स्थापत्य मूल्य दहापैकी तीन.
कमानी नाहीत, नक्षी नाही,
कुणी थोर माणूस इथे जन्मला नाही की मुक्कामाला राहिला नाही.
बेरीज करता श्रेणी येते क,
ज्याला काहीच थरथरत नाही.

बाहेर पालिकेचा कारकून स्कूटरवर हॉर्न देत होता,
त्याला अजून दोन गिरण्या आणि एक विहीर दाखवायची होती.

भोईरांनी खुणेने सांगितलं, चपला काढा.
मी काढल्या. भिंतीकडे तोंड करून उभं केलं मला,
आणि स्वतः गेले पार पलीकडच्या कोपऱ्यात.
हॉर्न वाजतच होता.
त्यात मला काहीच ऐकू आलं नाही,
पण फळ्यांतून धावत काहीतरी आलं
आणि टाचेतून वर चढलं.
मी वळले.
ते पाय आपटून उभे होते, हात उंचावून :
असंच बोलवायचे आम्हाला.

शेरा, रकाना अडीच ओळींचा :
जमिन सागवानी. हाक अजून पोचते.
पेरांवर पट्टी मारल्याचे माजी विद्यार्थी सांगतात.

टेबलापलीकडून, उलटं वाचत,
त्यांनी खिशातलं पेन काढलं,
जमिनची वेलांटी दीर्घ केली.
मग पानं चाळत पहिल्यावर गेले
आणि नुसतं मूक तेवढं खोडलं, एका रेघेत,
बधिर ठेवून.

खाडाखोडीशेजारी सही लागते, नियम आहे.
त्यांनी केली.
खाली मी.